ठरलेली कुस्ती

ती कुस्ती ठरलेली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही, नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर नाहीच. सुरतेच्या गोडादऱ्यातले जुने लोक अजूनही कुणाच्या लग्नात भेटले की खांद्यावर हात टाकून म्हणतात, "पंडितनं त्या वर्षी भिकाला काय लोळवला होता!" आणि मी तोंडात पान असल्यासारखा नुसता हसतो. ती कुस्ती माझ्या चुलतभावाने आणि मी तीन आठवडे बसून ठरवली होती. कोण आधी खाली जाणार, कोण कधी ओरडणार, शेवटी कोण जिंकणार, सगळं. जिंकणार होता भिका. जिंकलो मी. एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवून पाणी पिऊन आलो. कबुली द्यायला बसलोय खरा, पण नेमकी कशाची, ते अजून मला धड सांगता येत नाही. लिहिता लिहिता कळलं तर बघू.

आमची खोली खात्याच्या भिंतीला लागून होती. खातं म्हणजे मागांचा कारखाना, सुरतेत तसंच म्हणतात. ती भिंत सतत थरथरत असायची. मायनं ताटात वरण वाढलं की वरणावर बारीक बारीक लाटा उठायच्या, आणि लाइट जाऊन माग थांबले की एकदम कुणीतरी गेल्यासारखं वाटून आम्ही एकमेकांकडे बघायचो. नाना त्याच खात्यात मागावर. बारा-बारा तास त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटायचं नाही, कारण खात्यात कुणी कुणाचं ऐकतच नाही, तिथे ओठ वाचतात. चार मागांपलीकडून एखादा नुसता ओठ हलवून तंबाखू मागायचा आणि नाना इकडून पुडी फेकायचे. ही विद्या ते घरीही वापरायचे. गल्लीच्या टोकाला बायका काय कुजबुजतात ते ओट्यावर बसून सांगायचे. माय चिडायची. "लाज नही वाटत का, बायासनं बोलनं ऐकाले?" नाना म्हणायचे, "मी कोठे ऐकं? मी ते दखं." म्हणजे ऐकलं कुठे, नुसतं पाहिलं. आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन तंबाखू मळायला घ्यायचे.

सुरतेला येण्याआधी गावाकडे नाना पैलवान होते. फार मोठे नव्हेत, पण आजूबाजूच्या दहा-पंधरा जत्रांत नाव होतं. आमच्या मांडणीवरची निम्मी पितळी भांडी त्यांनी कुस्तीत मारलेली. माय त्या भांड्यांना माणसांच्या नावांनी ओळखायची. "तो पारोळावाला हंडा उतार रे," म्हणायची, म्हणजे पारोळ्याच्या कुठल्याशा पैलवानाला चीत करून आणलेला हंडा. त्या हंड्यात आमचं पिण्याचं पाणी असायचं. तो पारोळ्याचा माणूस आता कुठे असेल, त्याच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, असले विचार तेव्हा मला कधी आले नाहीत. आता येतात.

मग केबल आली आणि तिच्याबरोबर ती परदेशी कुस्ती आली. दोऱ्या बांधलेला चौथरा, तेल लावलेली अंगं, फटाके, धूर, आणि हातात माईक घेऊन दहा-दहा मिनिटं एकमेकांना शिव्या देणारे पैलवान. रविवारी दुपारी कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा खाऊन आम्ही टीव्हीसमोर बसायचो. नानांसाठी आवाज पूर्ण वाढवलेला असायचा. त्याचा उपयोग नानांना काही नव्हता, शेजाऱ्यांना मात्र सगळं ऐकू जायचं. नाना पहिल्या पाच मिनिटांतच निकाल द्यायचे, "हाऊ पडना. त्याले कोनी पाडं नही." म्हणजे हा आपणहून पडला. कुस्तीत माणूस कसा पडतो ते नानांना ठाऊक होतं, त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती. पण खोटं आहे म्हणून उठून जाताहेत म्हणावं, तर तेही नाही. शेवटपर्यंत बसायचे. गोऱ्यापान दांडग्या माणसाला खुर्चीने मारलं की स्वतःच्या पाठीला हात लावायचे. मी एकदा विचारलं, "नाना, खोटं आहे तर बघता कशाला?" तंबाखूची चिमूट दाढेला लावत ते म्हणाले, "तो पडस चांगला." मला काही कळलं नाही.

इंग्रजी आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. ते काम भिकानं अंगावर घेतलं होतं. भिका माझ्या मोठ्या काकांचा मुलगा, माझ्याहून दीड वर्षाने मोठा, दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि रविवारी आमच्याकडेच जेवायचा. रुंद मिशांच्या एका भल्या पैलवानाचं नाव त्यानं पाटील ठेवलं होतं आणि त्याच्या बारीक डोळ्यांच्या शत्रूचं कोल्ह्या. कोल्ह्या माईक हातात घेऊन बोलायला लागला की भिका उभा राहून त्याच्या तोंडाबरोबर तोंड हलवत अहिराणीत बोलायचा. "आयक रे पाटील! काल तुना खळामा जाईसन तुनी म्हैस मी सोडी दिन्ही! हिंमत व्हई तर ये आठे!" टीव्हीतली हजारो माणसं बोंब मारायची आणि आमच्या खोलीत माय पदर तोंडाला लावून हसत बसायची. नानासुद्धा ओठ वाचायचे ते टीव्हीचे नाही, भिकाचे. पुढे बऱ्याच वर्षांनी थोडंफार इंग्रजी कळायला लागल्यावर मी त्या माणसांची तशीच बोलणी पुन्हा ऐकली. खरं सांगतो, भिकाची सरस होती. मूळ बोलण्यात नुसती धमकी असायची. भिकाच्या बोलण्यात म्हैस होती.

मी अजूनही ही कुस्ती बघतो. मुलींना ते हास्यास्पद वाटतं. दिवसभर कापडाचे ताके तपासायचे, जिथे धागा तुटला तिथे खडूची खूण करायची, हे माझं काम, आणि जेवणाच्या सुट्टीत मी कानात वायर घालून मोबाइलवर कुस्ती बघत बसतो. माझी मतं पक्की आहेत. उंचावरून उड्या मारणारे मला आवडत नाहीत, त्यांना समोरचा माणूस कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं. चांगला सामना जिंकणारा करत नाही, हरणारा करतो. त्याच्या पडण्यावरून समोरच्याचं बळ कळतं. आणि हल्लीची गर्दी मला समजेनाशी झाली आहे. पूर्वी लोक वाईट माणसाला शिव्या द्यायचे आणि चांगल्यासाठी रडायचे. आता सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, मग ते दोघांनाही टाळ्या वाजवतात, वाईट माणसाच्या वाईटपणाची तारीफ करतात. एखादा खरोखर जखमी झाला तर क्षणभर सगळे गप्प होतात, कारण हे ठरलेलं आहे का नाही ते त्यांना कळत नाही. त्या शांततेत मी मोबाइल उलटा ठेवतो.

खात्यामागे तुटक्या धाग्याची पोती पडलेली असायची. त्या पोत्यांवर आम्ही पाटील आणि कोल्ह्या खेळायचो. मी पाटील. मला पडायला जमायचं नाही, मी हात टेकायचो. भिका मात्र असा पडायचा की खात्यातले कामगार बिडी विझवून बघायला यायचे. हात पिरगाळला की त्याचा चेहरा असा व्हायचा की मीच घाबरून सोडायचो, आणि मग तो खदाखदा हसायचा. "अरे येड्या, कसाले सोडस? आते तर मज्या येई ऱ्हायनी व्हती." त्याला सैन्यात जायचं होतं. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं धावायचा, छाती मोजायला मायकडे शिंप्याची टेप मागायला यायचा. धुळ्याला भरती निघणार असं कळलं होतं आणि भिका जाणार, निवडून येणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. जाण्याआधी काहीतरी करून दाखवायचं त्याच्या डोक्यात होतं. कल्पना मात्र माझी होती, हेही सांगून टाकतो. मी म्हटलं, कानबाईच्या दंगलीत, म्हणजे सणाच्या कुस्त्यांत, करू.

कानबाई खानदेशातल्या माणसाला सांगावी लागत नाही, इतरांसाठी सांगतो. श्रावणातल्या एका रविवारी देवी बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीनं गहू घेऊन दळतात आणि त्याचे रोट करतात. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला द्यायचा नाही. आमचा आणि भिकाचा रोट एकच. सोमवारी दुपारी, विसर्जन झालं की मैदानात कुस्त्या असायच्या. खात्यांना सुट्टी, पांडेसऱ्यापासून पार सचिन गावापर्यंतची आपली माणसं यायची. तिथे जोड लागायची पद्धत अशी: पैलवान मातीत उतरून हात वर करून गोल फिरतो, ज्याला वाटेल तो उठून त्याचा हात धरतो. आमचं ठरलं की मी फिरायचं आणि भिकानं गर्दीतून उठायचं. दहा मिनिटं खेळायचं. मी त्याला खाली घेऊन हात पाठीवर चढवायचा, त्यानं "मरनू रे माय" म्हणून मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायचं, मी पकड सैल करायची, त्यानं उलटून मला चीत करायचं. भरतीला जाण्याआधी डोक्याला फेटा. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पाटील दर महिन्याला हरायचा आणि तरी पाटीलच राहायचा.

त्या दिवशी मी फिरलो. कुणी उठलं नाही. मग भिका उठला, आणि हात धरायच्या ऐवजी त्यानं पंचांच्या हातातला माईकच घेतला. "पंडित! तुनी म्हैस मी सोडी दिन्ही!" कुस्तीच्या मातीत कुणी बोलत नाही, तिथे माती कपाळाला लावतात आणि गप्प राहतात. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, मग हशाचा असा लोट उठला की ढोलवालाही थांबला. फक्त नाना उठले. ते पंचांजवळ गेले आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले, "एक रोटना पोरे शेतस. त्यासनी जोड लाऊ नका." पंच म्हणाले, "नाना, खेळू द्या हो पोरांना, सणाचा दिवस आहे." नाना मातीच्या कडेला, पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पहिली पाच-सात मिनिटं ठरल्याबरहुकूम गेली. भिका सुंदर पडत होता. मी नुसता हात लावला तरी दोन हात लांब जायचा. आणि मग गर्दीतून माझं नाव आलं. आधी एकजण, मग दहा, मग सगळं मैदान. पंडित, पंडित. टीव्हीतली गर्दी मी इतकी वर्षं बघत होतो, पण आपल्या नावाची गर्दी अंगावर आली की काय होतं ते मला माहीत नव्हतं. अंगाचं वजनच जातं. हे सगळं भिकाच्या पडण्यामुळे आहे हे मी विसरलो. मला वाटलं, मी करतोय. भिका खाली होता, पोटावर, त्याचा उजवा हात मी पाठीवर चढवला होता. तो ठरल्याप्रमाणे ओरडला, "मरनू रे माय!" गर्दी वेडी झाली. आता सैल करायचं होतं. मी केलं नाही. एकदाच, मनात म्हटलं, एकदाच उलटवून बघू. त्यानं अंग सैल सोडलेलं होतं, कारण त्याच्या हिशोबानं मी आता सोडणार होतो. मी हात आणखी वर नेला, गुडघा टेकला, आणि भिकाने मान वळवली. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभरावर होतं. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "पंड्या, सोड."

मी उलटवलं. कोपरातून एक आवाज आला, ओला दोर ताणल्यासारखा. भिकाची पाठ मातीला लागली. पंचांनी माझा हात वर केला, ढोल सुरू झाला, मला कुणीतरी खांद्यावर घेतलं. खाली भिका कोपर धरून कुशीवर वळला होता आणि लोक हसून म्हणत होते, अजून नाटक करतोय. मीही वरून हसलो, असं मला आठवतं. किंवा मी हसलो नसेन आणि इतकी वर्षं स्वतःला दोष देता देता ते हसू मीच जोडलं असेल. सांगता येत नाही. माझ्याआधी नाना त्याच्याजवळ पोचले होते, एवढं नक्की. वरून मला नानांची टोपी दिसत होती.

हात एका हाडवैद्यानं बसवला. तो वाकडाच जुळला. रोट संपेपर्यंत तीन-चार दिवस भिका आमच्याकडेच होता. उजव्या हाताला लाकडी पट्ट्या, म्हणून माय त्याला घास भरवायची. गल्लीतली माणसं बघायला आली की तो सगळ्यांना सांगायचा, "मनाच पाय सरकना." कुणी न विचारता सांगायचा. मी समोर बसलेला असायचो. त्यानं असं का सांगितलं, ठरलेलं होतं हे कळलं असतं तर दोघांची लाज गेली असती म्हणून, की माझ्यासाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी एकदाही म्हणालो नाही की पाय सरकला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी नाना दाढी करत होते. मी त्यांच्यासाठी आरसा धरून उभा होतो. साबण लावलेल्या तोंडानं, आरशातूनच माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "भिकानी काय सांगं व्हतं तुले? खाले व्हता तव्हय."

मी तोंड स्पष्ट हलवत म्हणालो, "काही नाही. ढोल वाजत होता. ऐकू आलं नाही."

नानांनी वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला. मग म्हणाले, "माले ऐकू उनं."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. रविवारी टीव्ही लागला की ते उठून ओट्यावर जायचे. माय म्हणायची, डोळे दुखत असतील. पुढे अकरा वर्षं ते आणि मी एका खोलीत राहिलो आणि त्यांना काय माहीत आहे ते मला माहीत होतं. गेले तेव्हाही तो विषय तसाच होता. त्यांनी मला मारायला हवं होतं, असं पुष्कळदा वाटतं. त्या वयात मार खाल्ला असता तर कदाचित तिथेच संपलं असतं. पण नानांनी उभ्या आयुष्यात कुणावर मातीबाहेर हात उचलला नाही.

भिका धुळ्याला गेला. धावण्यात पहिल्या तिघांत आला. मग तिथल्या साहेबानं त्याला दोन्ही हात सरळ समोर धरायला सांगितले. परत आला तेव्हा गल्लीत उभा राहून त्या साहेबाची नक्कल करून दाखवली आणि सगळे हसले, मीही हसलो. आज तो पांडेसऱ्यात एका डाइंगच्या मिलच्या गेटवर वॉचमन आहे. वर्दी आहे, त्याला ती आवडते. उजवा हात कोपरात वाकलेलाच, सलाम करतानाही अर्धाच उठतो. लग्न झालं, मुलं झाली, नातू आहे. आम्ही भांडलो नाही, अबोला धरला नाही. दिवाळीला येतो, मोबाइलवर कुस्तीचे तुकडे पाठवतो आणि खाली आपलं मत लिहितो. त्याची मतं माझ्यापेक्षा चांगली आहेत. कोण बोलण्यात कमी पडला, कुठल्या गावची गर्दी थंड होती, कुणी समोरच्याला धड पडूच दिलं नाही, सगळं त्याला बरोबर दिसतं.

मागच्या महिन्यात त्यानं एक तुकडा पाठवला. दोन तरुण पैलवान, एकाचा खांदा खरोखर निखळतो, दुसरा थांबत नाही, ठरलेलं सगळं पूर्ण करतो. नंतर त्या दुसऱ्यानं सांगितलं म्हणे की गर्दीचा आवाज फार होता, मला समजलं नाही. भिकानं नेहमीसारखं लिहिलं नाही, बोलून पाठवलं. मागे मिलचा भोंगा ऐकू येत होता. "पंड्या, हाऊ लबाड बोलस. हात धरेल ऱ्हास ना भाऊ, समजस. तुले काय वाटस?"

तुले काय वाटस. हात धरलेला असला की समजतं, म्हणत होता. मी ते सात-आठ वेळा ऐकलं. तो मला विचारत होता की कुस्तीबद्दल बोलत होता? त्याचा आवाज अगदी साधा होता, जेवलास का विचारावं तसा. आणि साधं बोलून आतलं काढायची त्याची रीत मला माहीत आहे, आणि ती रीत नसेलही, तो खरोखरच त्या दोन पोरांबद्दल बोलत असेल. मी अंगठा वर केलेलं एक चित्र पाठवलं. त्यावर त्यानं हसण्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी नवा तुकडा आला, त्याखाली नवं मत.

मी हे सगळं लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं की कबुली ती कुस्ती ठरलेली होती याची आहे. ती नाही. ठरलेली कुस्ती हे दोन पोरांचं खूळ होतं, त्याला आज कुणीही हसून सोडून देईल. मग वाटलं, मी जिंकलो याची असेल. तीही नाही. इतकी वर्षं मी स्वतःलाही ढोलाचंच सांगत आलो. पण त्याची पाठ मातीला लागेपर्यंत ढोल वाजतच नव्हता, तो भिकाच्या बोलण्यानं थांबला होता, आणि वाजत असता तरी वीतभरावरचं बोलणं त्यात बुडालं नसतं. मला ऐकू आलं होतं. ठरलेलं ओरडणं कुठलं आणि हे कुठलं, तेही कळलं होतं. भिकाचं मी हे एक वाक्य देणं लागतो, मोबाइलवर नाही, त्याच्यासमोर बसून: तू सोड म्हणालास ते मला ऐकू आलं होतं. गोडादऱ्याहून पांडेसऱ्याला जायला रिक्षानं फार वेळ लागत नाही. मी अजून गेलेलो नाही.